मूल वाचणार नाही तेव्हा: निवासी डॉक्टरांना शिकवायचे सहा टप्पे

रात्री दोन वाजता केस पेपरवर एक ओळ पडते: 'नातेवाईकांना प्रकृतीच्या गांभीर्याची पूर्ण कल्पना दिली आहे.' खाली वडिलांची सही, नाहीतर अंगठा. सकाळच्या राउंडला ती ओळ सगळे वाचतात आणि पुढच्या बेडकडे वळतात. कल्पना दिली कोणी? सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या जेआर-१ने, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने. कुठे? लिफ्टसमोर उभ्या-उभ्या. कोणत्या शब्दांत? ते कोणीच विचारत नाही.

लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या मणक्यातून पाणी काढणं, आपण असं शिकवत नाही. आधी पाहायला लावतो, मग हाताला हात लावून करवून घेतो, मग शेजारी उभं राहून करू देतो. मरणपंथाला लागलेल्या मुलाची काळजी मात्र 'जा, समजावून सांग' एवढ्या दोन शब्दांत उरकते. ती अंगची गोष्ट आहे, ज्याला जमते त्याला जमते, असं आपण धरून चालतो. खरं तर ही एक प्रोसिजर आहे. तिला तयारी लागते, क्रम लागतो, आणि क्रम चुकला की पुढचं सगळं बिघडतं. हा लेख बालरोग विभागातल्या लेक्चररसाठी, युनिट हेडसाठी आणि नव्या बॅचला हाताशी धरणाऱ्या जेआर-३साठी आहे. यातले डोस डॉक्टरांसाठीच आहेत आणि तेही आपल्या युनिटच्या प्रोटोकॉलशी ताडून.

## शिकवायला सुरुवात करण्याआधी

वॉर्डात चार गोष्टी नसतील तर शिकवणं पोकळ ठरतं.

पहिली, जागा. दार लागेल अशी कोणतीही खोली चालेल, अगदी सिस्टरांची चेंजिंग रूमसुद्धा. आत चार स्टुलं आणि पाण्याची बाटली. मोठं टेबल असेल तर बाजूला सारा.

दुसरी, मॉर्फिन (तीव्र वेदनेवरचं अफूवर्गीय औषध) आणि ते ठेवतात त्या कपाटाची किल्ली. २०१४ साली एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणं बरंच सोपं झालं. तुमच्या संस्थेला ती मान्यता आहे का, गोळ्या स्टॉकमध्ये आहेत का, आणि मुख्य म्हणजे दुपारी चारनंतर किल्ली कोणाकडे असते, हे आजच विचारा. अनेक ठिकाणी औषध असतं, पण किल्ली घरी गेलेली असते.

तिसरी, भाषा. पदव्युत्तर जागा अखिल भारतीय कोट्यातूनही भरतात, त्यामुळे तुमचा जेआर केरळचा किंवा राजस्थानचा असू शकतो. समोरची आई मेळघाटातली कोरकू बोलणारी किंवा धडगावची पावरी बोलणारी असेल, तर तुमची मराठीही पुरायची नाही. कोणती सिस्टर, कोणत्या मावशी, कोणता शिपाई कोणती भाषा बोलतो, याची यादी ड्युटी रूमच्या दाराला लावा. भाषांतरासाठी रुग्णाच्या दहा-बारा वर्षांच्या भावंडाला कधीच उभं करू नका.

चौथी, समाजसेवा अधीक्षक. बैठकीत त्यांना पहिल्या दिवसापासून बसवा. बिल, शववाहिका आणि दाखल्याच्या वेळी त्यांना प्रथम हाक मारली, की घरच्यांना त्या वाईट बातमी आणणाऱ्या बाई वाटतात.

## टप्पा १: आधी वेदना उतरवा

बहुतेक प्रशिक्षणं 'वाईट बातमी कशी सांगावी' इथून सुरू होतात. माझ्या मते तो क्रम उलटा आहे. मूल कण्हत असताना आईच्या कानात एक शब्द शिरत नाही. शिवाय नव्या डॉक्टरला या प्रसंगात हाताने करण्यासारखं काहीतरी हवं असतं. वेदना मोजणं आणि उतरवणं हे ते काम. ते जमलं की तो त्या बेडला टाळत नाही.

मोजणं. दोन महिने ते सात वर्षांच्या मुलांसाठी फ्लॅक मापक शिकवा: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत काढल्यावर शांत होणं. प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण १०. चारेक वर्षांपुढच्या मुलाला चेहऱ्यांची चित्रं दाखवा आणि बोट ठेवायला सांगा. आठ वर्षांच्या पुढे ० ते १० आकडा विचारता येतो. प्रत्येक जेआरला एकाच मुलाचा गुणांक दोघांनी वेगवेगळा काढायला लावा आणि कागद शेजारी ठेवून बघा. पहिल्या आठवड्यात दोन-तीन गुणांचा फरक पडतोच. तो का पडला यावर बोलण्यातच खरं शिकणं होतं.

इथे चुकतं: निपचित पडलेल्या मुलाला 'कम्फर्टेबल' लिहिणं. अनेक दिवस तीव्र वेदना सोसलेलं मूल रडत नाही. ते हलत नाही, खेळण्याकडे बघत नाही, कोणी जवळ आलं की अंग ताठ करतं. फ्लॅकवर त्याला दोन गुण मिळतील आणि वेदना आठच्या असतील. आईला विचारा, 'एरवी हा असा असतो का?' या एका प्रश्नाला तोड नाही.

उतरवणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली मुलांसाठी दोनच पायऱ्या ठेवल्या. सौम्य वेदनेला पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, त्यावरच्या वेदनेला थेट मॉर्फिनसारखं तीव्र ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गीय औषध. मधली कोडीनची पायरी नाही. बारा वर्षांखाली कोडीन आणि ट्रॅमाडॉल टाळायचं. प्लेटलेट उतरलेल्या ल्युकेमियाच्या मुलाला आयबुप्रोफेन लिहिणारा हात जागेवर थांबवा, रक्तस्राव वाढतो.

आधी ओपिऑइड न घेतलेल्या एक ते बारा वर्षांच्या मुलाला तोंडावाटे मॉर्फिनचा सुरुवातीचा डोस दर किलोला ०.२ मिलिग्रॅम, दर चार तासांनी. एका वेळी ५ मिलिग्रॅमच्या वर नाही. तान्ह्या बाळाला त्याहून कमी, आणि तेही वरिष्ठाला विचारून. सिरप मिळत नसेल तर १० मिलिग्रॅमची साधी गोळी कुटून १० मिली पाण्यात विरघळवायची, म्हणजे १ मिली म्हणजे १ मिलिग्रॅम. १५ किलोच्या मुलाला ३ मिली. अधूनमधून उसळणाऱ्या वेदनेसाठी दिवसभराच्या एकूण डोसच्या ५ ते १० टक्के जादा डोस लिहून ठेवायचा. इथे दिवसाचे १८ मिलिग्रॅम होतात, म्हणजे जादा डोस ०.९ ते १.८ मिली. हे गणित जेआरकडून फळ्यावर करून घ्या, तीन वेगवेगळ्या वजनांवर. वाचून येत नाही.

सावधान: हळूहळू सुटणारी, म्हणजे एसआर गोळी कधीही कुटायची नाही. ऑर्डर लिहिताना मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही लिहायचे, शेजारी वजन लिहायचं. मूत्रपिंड नीट चालत नसेल तर डोस कमी करा, दोन डोसमधलं अंतर वाढवा किंवा औषध बदला. आणि दंडात-मांडीत इंजेक्शन नाही. सुईच्या भीतीने मूल 'दुखत नाही' म्हणतं.

तपासा: मॉर्फिनच्या पहिल्या ऑर्डरखाली त्याच हस्ताक्षरात रेचक लिहिलंय का (मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो)? तोंडावाटे डोस दिल्यावर तासाभराने पुन्हा गुणांक काढलाय का? ही दोन खुणेची घरं रिकामी असतील तर पुढचा टप्पा शिकवू नका.

## टप्पा २: बोलण्याआधीची दहा मिनिटं

इथे वेळ वाचवला की पुढे तासभर जातो. बैठकीला जाण्याआधी जेआरने कागदावर तीन ओळी लिहायच्या: आजार काय, आतापर्यंत काय केलं, आता काय होईल असं आपल्याला वाटतं. तिसरी ओळ लिहिता येत नसेल तर तो बैठकीला तयार नाही. युनिटमध्येच एकमत नसेल तर घरच्यांना बोलावूच नका. सकाळी ऑन्कॉलॉजीवाले, म्हणजे कॅन्सरचे डॉक्टर, 'केमोची एक सायकल देऊन बघू' म्हणाले आणि संध्याकाळी आपण 'आता नाही' म्हणालो, तर दोघांवरचाही विश्वास उडतो.

मग, कोण बसणार? आपल्याकडे बोलणं काका, आजोबा किंवा गावचे पाटील करतात, आई बेडजवळ राहते. मुलाला दिवसरात्र बघणारी तीच आणि तिला सगळ्यात शेवटी कळतं. आईला आत घ्या, तोवर मुलाजवळ सिस्टर किंवा मावशी बसतील. आजोबांना बाहेर ठेवायचं नाही; घरी गेल्यावर निर्णय टिकवायला तेच लागतात.

फोन सायलेंट करायचा आणि सिस्टरच्या हातात द्यायचा. खिशात ठेवलेला फोन थरथरतोच.

## टप्पा ३: बोलणं

आधी दोनदा बघणं, मग दोनदा तुमच्यासोबत बोलणं, मग तुम्ही कोपऱ्यात गप्प बसून त्याने बोलणं. त्याआधी किमान दोन वेळा लुटुपुटूची बैठक. आई-वडिलांच्या भूमिका दुसऱ्या जेआरना देऊ नका, ते मित्राला सांभाळून घेतात. वॉर्डातल्या अनुभवी सिस्टरना विनंती करा. त्यांनी खरे बाप पाहिलेले असतात. एका सिस्टरनी लुटुपुटूच्या बैठकीत नुसतं विचारलं, 'म्हणजे आम्ही आधी आणायला पाहिजे होतं का?' आणि तिसऱ्या वर्षाचा आमचा गडी निरुत्तर झाला.

क्रम असा. बसा, खुर्ची त्यांच्या उंचीला आणा. मुलाचं नाव घ्या. 'तुमचा पेशंट' म्हणू नका. पहिला प्रश्न तुमचा: 'आतापर्यंत तुम्हाला काय-काय सांगितलंय?' उत्तर पूर्ण ऐका, मध्ये दुरुस्ती नको. मग इशारा द्या: 'आज जे सांगायचंय ते जड आहे.' मग एकाच वाक्यात गाभा. मग गप्प.

गप्प राहणं हा भाग सगळ्यांना अवघड जातो. जेआर त्या शांततेत सोडियम, प्लेटलेट आणि सीटी स्कॅन भरतात. मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायला सांगा. पहिला शब्द घरच्यांचा येऊ द्या.

शब्दांवर जरा थांबायला हवं, कारण चुका तिथेच होतात.

'पेशंट सिरियस आहे' हे वाक्य टाळा. आपल्याकडे सिरियसचा अर्थ 'आणखी मोठ्या दवाखान्यात न्या' असा होतो, आणि लोक शेत गहाण टाकून नेतात. त्याऐवजी: 'आम्ही सगळे उपचार करून पाहिले. हा आजार आता बरा होणार नाही. साहिल यातून वाचणार नाही, असं आम्हाला वाटतं.' (नाव कल्पित आहे.) 'वाचणार नाही' हे शब्द तोंडातून बाहेर पडले पाहिजेत. लुटुपुटूच्या बैठकीत ते म्हटल्याशिवाय कोणालाही पास करू नका.

'आता काही करता येणार नाही' हे खोटं आहे. करण्यासारखं पुष्कळ असतं: दुखणं, धाप, भीती, झोप. म्हणा, 'आजार आमच्या हातात राहिला नाही, पण त्याचा त्रास कमी करणं आमच्या हातात आहे, आणि ते आम्ही सोडणार नाही.'

'व्हेंटिलेटर लावायचा की नाही, तुम्ही ठरवा' हा तर क्रूरपणा. बापाने नाही म्हटलं तर तो जन्मभर स्वतःला अपराधी समजेल. सल्ला डॉक्टरचा असावा: 'मशीनने आजार मागे फिरणार नाही, त्रास मात्र वाढेल. म्हणून आमचं मत आहे की लावू नये. तुम्हाला काय वाटतं?'

पैशाचा प्रश्न त्यांनी काढला नाही तरी तुम्ही काढा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतली रक्कम संपली म्हणून डॉक्टर हात वर करताहेत, असा संशय अनेक घरांत असतो. 'हे पैशामुळे नाही' हे स्पष्ट सांगा. आणि वर आलेल्या 'आधी आणायला पाहिजे होतं का?' या प्रश्नाचं उत्तर खरं द्या. बहुतेक बालकर्करोगांत आणि जन्मजात आजारांत ते 'नाही, तुमच्या कशामुळे हे झालेलं नाही' असंच असतं. ते दोनदा सांगा, दुसऱ्या वेळी आईकडे बघून.

देवऋषी, भगत, नवस यांचा विषय निघाला तर प्रवचन नको. 'अंगारा लावा, पण तोंडातून काही देण्याआधी आम्हाला दाखवा' एवढं पुरतं.

मूल स्वतः विचारतं तेव्हा. सात-आठ वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे परत न येणं हे बहुधा कळतं, आणि वॉर्डात शेजारचा बेड रिकामा झालेला त्याने पाहिलेला असतो. 'डॉक्टर, मी मरणार का?' याला 'छे, वेडा कुठला!' हे उत्तर नाही. उलट विचारा, 'तुला असं का वाटलं?' बऱ्याचदा खरा प्रश्न वेगळाच निघतो: आई रात्री जाईल का, पुन्हा सुई टोचणार का. आई-वडिलांना आधी विचारून घ्या, पण मुलाशी खोटं बोलायचं वचन त्यांना देऊ नका.

तपासा: बैठक संपताना घरच्यांपैकी एकाला विचारा, 'घरी फोनवर आता काय सांगाल?' ते जे सांगतील तेच तुम्ही सांगितलेलं आहे, बाकी सगळं हवेत गेलं. जेआरने केस पेपरवर 'कल्पना दिली' न लिहिता त्यांचं हे वाक्य जसंच्या तसं लिहावं.

## टप्पा ४: रात्रीसाठी लेखी योजना

बैठक दुपारी चांगली झाली आणि रात्री तीनला कॉलवरच्या दुसऱ्या युनिटच्या डॉक्टरने छाती दाबायला सुरुवात केली, असं होतं. कारण कागदावर काही नव्हतं.

एक पान, फाइलच्या पहिल्या पानावर. वरच्या भागात थांबवायच्या गोष्टी: दर सहा तासांचं रक्त, रात्रीची शुगर, झोपेतून उठवून घेतलेला बीपी. मधल्या भागात चालू ठेवायच्या: वेदनेचं औषध, तोंडाची स्वच्छता, कूस बदलणं, आईचं जवळ असणं. खालच्या भागात 'असं झालं तर': धाप लागली तर डोकं उंच, तोंडावर पंखा, मॉर्फिनचा वेदनेपेक्षा छोटा डोस, आणि ऑक्सिजन फक्त सॅच्युरेशन उतरलेलं असेल तरच. झटका आला तर नाकात मिडाझोलामचा फवारा, किलोला ०.२ मिलिग्रॅम, किती फवारे होतात ते मोजून आकड्यात लिहिलेलं. घशात घरघर झाली तर कुशीवर वळवणं आणि सलाइन कमी करणं. सक्शनची नळी खोल घालायची नाही.

सावधान, कायदा: हृदय थांबल्यावर पुनरुज्जीवन न करण्याबाबत आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० साली मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत. निर्णय उपचार करणाऱ्या वरिष्ठाचा, घरच्यांशी बोलून, लेखी. आधीच लावलेला व्हेंटिलेटर काढणं ही वेगळी गोष्ट. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालातली आणि २४ जानेवारी २०२३ ला सुटसुटीत केलेली पद्धत पाळावी लागते: प्राथमिक आणि दुय्यम वैद्यकीय मंडळ, कुटुंबाची संमती, अंमलाआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणं. जेआरने तोंडी आदेशावर काहीही बंद करायचं नाही. हे वाक्य पहिल्या दिवशी पाठ करून घ्या.

## टप्पा ५: घरी न्यायचं म्हटलं तर

'आम्ही घरी नेतो' हे ऐकलं की आपला हात डामाच्या फॉर्मकडे जातो. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज! सल्ला तर आपणच दिला होता की आता रुग्णालयात विशेष काही उरलं नाही. डामा लिहिला की घरच्यांना औषधाची चिठ्ठी मिळत नाही, फोन नंबर मिळत नाही, आणि मूल वाटेत एसटीत कण्हत जातं.

साधा डिस्चार्ज द्या. सोबत किमान आठवड्याचं मॉर्फिन, सिरिंजवर पेनाने रेघ मारून. झटक्याचा फवारा. काय होऊ शकतं आणि तेव्हा काय करायचं, हे मराठीत एका पानावर. वाचता येत नसेल तर त्यांच्याच फोनवर तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून. दिवसा-रात्री उचलला जाईल असा वॉर्डाचा एक नंबर. आणि गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला जेआरने स्वतः केलेला फोन. हा फोन महत्त्वाचा, कारण घरी मृत्यू झाल्यावर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र कोणीतरी द्यावं लागतं आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी.

तपासा: बाहेर पडण्याआधी आईने तुमच्यासमोर एक डोस स्वतः मोजून भरून दाखवला का?

## टप्पा ६: शेवटचे तास, आणि नंतरचा एक तास

हात-पाय गार पडतात, कातडीवर जाळी उमटते, श्वास थांबून-थांबून येतो. शेवटी एखादा मोठा श्वास येतो आणि घरच्यांना वाटतं, मूल परत आलं. हे आधीच सांगून ठेवलं नसेल तर त्या क्षणी गोंधळ उडतो. म्हणून बदल दिसायला लागले की जेआरने बेडजवळ बसून हळू आवाजात सांगायचं. पडदे ओढायचे, मॉनिटरचा आवाज बंद करायचा. मांडीवर घ्यायचंय का, हे विचारायचं. नळ्यांमुळे घेता येत नाही असं आई-वडील धरून बसलेले असतात. तुळशीपान, पाणी, कलमा, प्रार्थना, ज्याचं जे असेल ते करू द्यायचं.

मृत्यू सांगताना 'एक्स्पायर झाला' नको. औषधं एक्स्पायर होतात. 'साहिल गेला' हे सगळ्यांना कळतं.

मी जेआर-१ असताना पहिल्या मृत्यूनंतर दहा मिनिटांत बेड रिकामा करायला लावला होता, कारण खाली कॅज्युअल्टीत दुसरं मूल थांबलं होतं. तो बेड नाही तर दुसरा मिळाला असता. आता आम्ही एक तास ठरवून ठेवला आहे. तेवढ्यात नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, आईला हवे ते कपडे घालू द्यायचे. लहान मुलांचं अनेक समाजांत दहन नाही, दफन होतं, आणि लोकांना दिवस मावळण्याआधी गाव गाठायचं असतं. म्हणून कागद आधी तयार हवेत. शववाहिकेची सोय समाजसेवा अधीक्षकांनी आदल्या दिवशीच बघितलेली हवी.

नमुना ४, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, भरताना कारणाच्या रकान्यात 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिणं ही सर्रास होणारी चूक. हृदय आणि श्वास तर प्रत्येकाचेच थांबतात. मूळ आजार लिहा.

आणि तान्हं बाळ गेलं असेल तर आईच्या दुधाबद्दल बोलायचं. दोन दिवसांत छाती भरून येते, ताप येतो, आणि हे तिला कोणीच सांगितलेलं नसतं. आधार देणारे कपडे, गार पट्ट्या, गरज पडली तर पॅरासिटामॉल, दुखलं तर थोडंच दूध काढणं. हे बोलणं महिला डॉक्टरने किंवा सिस्टरने केलं तर बरं, पण ती ड्युटीवर नसेल तर तुम्ही करा.

त्याच दिवशी, घरी जाण्याआधी, जेआरसोबत दहा मिनिटं बसा. काय नीट झालं, काय राहिलं, आणि पुढच्या वेळी काय बदलशील. 'स्ट्राँग राहा' म्हणू नका. रडला तर रडू द्या, पण तीन प्रश्न पूर्ण करा. दोन आठवड्यांनी त्यानेच त्या घरी फोन करायचा.

मूल्यमापनासाठी वहीत प्रत्येक जेआरसमोर सहा टप्प्यांची सहा घरं आखा, प्रत्येक घरात तीन शिक्के: 'पाहिलं', 'सोबत केलं', 'समोर केलं'. तिसरा शिक्का सहाही घरांत पडेपर्यंत रात्रीच्या बैठकीला त्याला एकट्याला पाठवायचं नाही. पडल्यावर पाठवा, आणि त्या रात्री तुमचा फोन उशाशी चालू ठेवा.